पचमढीच्या गुहा: वाळूच्या खडकात पाणी घर कसे करते

विदर्भात ‘महादेवाला जाऊन आलो’ असे कोणी म्हटले की तो मध्य प्रदेशातील पचमढीला जाऊन आला, हे वेगळे सांगावे लागत नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर नवसाचा त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढणाऱ्यांत आणि नागपंचमीच्या सुमारास भर पावसात नागद्वारच्या वाटेला लागणाऱ्यांत नागपूर, अमरावती, वर्धा, छिंदवाडा या भागांतील माणसे फार मोठ्या संख्येने असतात. या यात्रेतील बडा महादेव, गुप्त महादेव, जटाशंकर आणि नागद्वारचा पद्मशेष ही स्थाने बांधीव देवळांत नसून डोंगराच्या पोटातील गुहांत आणि घळींत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे या गुहांत जात आली आहेत. पण या गुहा इथेच का आहेत आणि त्या कशा घडल्या, हे समजावून सांगणारे मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच शब्दांचा एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘गुहा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा, वेरूळ किंवा कार्ले येते. ती लेणी आहेत, म्हणजे माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टच्या कातळात कोरलेली दालने आहेत. गुहा ही निसर्गाने घडवलेली पोकळी असते. त्यातही जी आत खोल जाते, जिच्यात उजेड कमी होत जातो, ती खरी गुहा. आणि जिथे कड्याचा वरचा भाग छपरासारखा पुढे आलेला असून खाली माणसाला बसण्या-झोपण्याइतकी उघडी जागा असते, तो शैलाश्रय. साध्या बोलीत आपण त्याला कपार म्हणतो. पचमढीत हे तिन्ही प्रकार एकाच गावाच्या आसपास पाहायला मिळतात. गावाला जिच्यावरून नाव पडले असे मानतात, ती पांडव गुंफांची टेकडी प्रत्यक्षात कोरीव आहे, म्हणजे तिथे लेणी आहेत. तिच्याभोवतीच्या डोंगरांत मात्र शेकडो कपारी आणि अनेक गुहा नैसर्गिक आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने पांडव गुंफांतील सरळ भिंती आणि काटकोनातील दारे नीट पाहून ठेवावीत. पुढे नैसर्गिक गुहेत गेल्यावर काटकोन कुठेही सापडत नाही, आणि हा फरक एकदा डोळ्यांत बसला की सहसा चूक होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जगातील बहुतेक मोठ्या गुहा चुनखडकात असतात, कारण चुनखडक पाण्यात विरघळतो. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते, आणि असे पाणी चुनखडकाच्या भेगांतून वाहताना खडीसाखरेच्या खड्यासारखा तो खडक सावकाश विरघळवत जाते. पचमढीचा डोंगर मात्र चुनखडकाचा नाही. तो वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचा खडक आहे, आणि वाळूचा मुख्य घटक असलेला क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. साधारण तापमानाच्या एका लिटर पाण्यात जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास क्वार्ट्झ विरघळते. मग इतक्या पोकळ्या झाल्या कशा?

याचे उत्तर राजगिऱ्याच्या लाडवात आहे. लाडवातील दाणा स्वतः कडक असतो. पण लाडू एकसंध राहतो तो गुळाच्या पाकामुळे. लाडू चार दिवस दमट हवेत उघडा ठेवला तर दाणे विरघळत नाहीत, पाक मात्र सुटतो आणि बोट लावताच दाणे गळू लागतात. वालुकाश्माचे तंतोतंत असेच असते. वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात ते त्यांच्यामधील फटींत साचलेल्या सिलिका, चुना, लोहाचे ऑक्साइड किंवा माती अशा सांधणाऱ्या द्रव्यांमुळे. पाणी कणावर फारसा परिणाम करू शकत नाही. ते हा सांधा सैल करते. एकदा सांधा सुटला की खडकाची पुन्हा वाळू होते, आणि वाळू वाहून न्यायला पाण्याची बारीकशी धारही पुरते. वालुकाश्मातील गुहा म्हणजे विरघळलेला डोंगर नव्हे, तर सुटलेला डोंगर, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

नदीची वाळू, डोंगराचा खडक

सातपुड्याच्या या भागाला महादेव डोंगररांग म्हणतात. सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर, सुमारे 1350 मीटरचे धूपगड, याच रांगेत आहे. इथला खडक गोंडवन समूहातील आहे, आणि त्याच्या ज्या थरांनी हे कडे बनले आहेत त्यांना भूवैज्ञानिक पचमढी वालुकाश्म असेच नाव देतात. सुमारे 24-25 कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडात, भारत गोंडवन महाखंडाचा भाग असताना या सखल खोऱ्यातून रुंद पात्राच्या, अनेक फाट्यांनी वाहणाऱ्या नद्या वाहत होत्या. त्यांनी आणलेली जाडीभरडी वाळू थरावर थर साचत गेली, आणि तिची एकूण जाडी काही ठिकाणी साडेसातशे मीटरपर्यंत पोहोचली. कपारीच्या भिंतीवर थोडे बारकाईने पाहिले तर आडव्या थरांच्या आत तिरप्या रेषांचे जुडगे दिसते. पात्रातील वाळूचे उंचवटे पाण्याच्या ओघाने पुढे सरकताना त्यांच्या उतारावर वाळू घसरत गेली, त्याच्या त्या खुणा आहेत. त्या रेषा ज्या दिशेला उतरतात, त्या दिशेला तेव्हाची नदी वाहत होती. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्रवाहाची दिशा बोटाने दाखवता यावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

याच खोऱ्यात, पचमढी वालुकाश्माच्या खाली, अधिक जुन्या थरांत पेंच-कन्हान आणि पाथाखेड्याचा दगडी कोळसा आहे. आणि उत्तरेकडे त्याच्यावर डेनवा थरातील लालसर माती आहे, जिच्यातून शिंगे असलेल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले आणि 2017 मध्ये त्याचे शृंगसॉरस असे नामकरण झाले. पुढे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला तेव्हा तो या वालुकाश्माच्या भेगांतूनही वर आला. गोठलेल्या लाव्हाच्या काळ्या, उभ्या भिंती आजही पिवळट-तांबूस वाळूच्या खडकात शिरलेल्या दिसतात. म्हणजे सह्याद्री ज्या लाव्हाने घडला, त्या घडामोडीच्या खुणा इथेही आहेत.

पाणी नेमके काय करते

इतका जाड खडक एकसारखा राहत नाही. जमिनीच्या हालचालींमुळे त्याला उभ्या भेगा पडतात आणि त्या बऱ्याचदा एकमेकींना समांतर, ठरावीक अंतरांवर असतात. पचमढीत वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हे पाणी भेगांत शिरते, भेगेच्या दोन्ही भिंतींवरील कणांचे सांधे सैल करते आणि सुटलेली वाळू खाली नेते. भेग रुंदावत जाऊन तिची चीर होते, चिरेची घळ होते, आणि पुरेसा काळ गेला की तीच हांडीखोहसारखी शेकडो फूट खोल, सरळ तुटलेल्या कड्यांची दरी होते. तिथे अशा दरीला ‘खोह’ म्हणतात. गुप्त महादेवाची गुहा या प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर आहे. तिथे माणसाला आडवे होऊन, छाती आणि पाठ दोन्ही बाजूंच्या दगडाला घासत आत सरकावे लागते, कारण ती गुहा मुळात एक उभी चीरच आहे. आत जाताना दोन्ही भिंतींवरील थर एकमेकांशी जुळतात का, ते अवश्य पाहावे. पाव मधोमध कापल्यावर दोन्ही तुकड्यांवरील खुणा जुळाव्यात, तसे ते जुळले, तर ही जागा कोरून झालेली नसून भेगेतून उघडली गेली आहे, याची ती खूण आहे.

दुसरी गोष्ट आडव्या दिशेने घडते. वालुकाश्मात सूक्ष्म रंध्रे असतात, म्हणून पावसाचे पाणी स्पंजात शिरावे तसे त्यात मुरते. मुरत मुरत खाली जाताना मध्ये एखादा चिकणमातीचा किंवा बारीक गाळाचा थर लागला की ते अडते, कारण माती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते त्या थरावरून आडवे सरकते आणि कड्याच्या दर्शनी बाजूला झऱ्यासारखे पाझरते. जिथे पाझर असतो तिथे सांधे वर्षभर ओले राहतात आणि सर्वांत लवकर सुटतात. मातीचा मऊ थरही भिजून, वाळून, भुगा होऊन गळतो. अशा रीतीने कडा पायथ्याशी आतल्या बाजूला पोखरला जातो, आणि वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो. शैलाश्रयाचा जन्म बहुधा असाच होतो. कड्यावर ज्या उंचीला नेचे, शेवाळ आणि काळपट ओल यांची आडवी पट्टी दिसते, तिथे हे काम आजही चालू आहे असे खुशाल समजावे. पचमढीच्या ओल्या, सावलीच्या घळींत वृक्षाएवढे वाढणारे नेचे आढळतात, त्यांनाही हाच न आटणारा पाझर जगवतो.

येथे एक शंका स्वाभाविकपणे येते. पायथा असा पोखरत गेला तर वरचा भाग कोसळत का नाही? तो कोसळतोच, आणि त्याचे दगड प्रत्येक कपारीच्या तोंडाशी पडलेले दिसतात. पण मोठे तुकडे पडून गेल्यावर जे उरते त्याचा आकार बहुधा कमानीचा असतो, आणि कमान फार काळ टिकते. यामागचे कारण चेक प्रजासत्ताकातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने 2014 मध्ये प्रयोगाने दाखवले. त्यांनी सैलसर वालुकाश्माच्या ठोकळ्यांवर वजन ठेवून ते पाण्यात झिजू दिले, तेव्हा असे आढळले की ज्या भागावर भार येतो तेथील कण एकमेकांत घट्ट अडकतात आणि झिजायचे थांबतात, तर ज्या भागावर भार नसतो तो भाग निसटून जातो. धान्याच्या पोत्यांच्या थप्पीतील खालचे पोते जसे ओढून निघत नाही आणि वरचे सहज निघते, तसे हे आहे. भार पेलणारा सांगाडा तेवढा मागे राहतो, आणि तो सांगाडा म्हणजेच कमान, खांब आणि घुमटाकार छत. वजनाने दगड दुबळा होतो असे आपण समजतो. इथे वजनच त्याला सांभाळते. वाळूच्या खडकाबद्दल मला कळलेल्या गोष्टींत ही सर्वांत सुंदर आहे.

याशिवाय दोन लहान गोष्टी नजरेत ठेवण्यासारख्या आहेत. पाझरणाऱ्या पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागाशी येतात, पाणी वाळले की त्यांचे स्फटिक होतात आणि वाढताना आसपासचे कण ढकलून मोकळे करतात. त्यामुळे भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी खळगी पडतात. दुसरे असे, की पाण्याने वर आणलेले लोह आणि सिलिका पृष्ठभागावर साचून खडकाला कातडीसारखे एक टणक कवच येते. कवच शाबूत असेपर्यंत आतील मऊ खडक सुरक्षित असतो. ते फुटले की तिथून झीज झपाट्याने आत शिरते. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला वाटते की आपण दगडावर एक ओरखडा काढला. प्रत्यक्षात त्याने शेकडो-हजारो वर्षांत जमलेले कवच उघडे पाडलेले असते, आणि पुढील नुकसान त्याच्यामागे पाऊस आणि क्षार करीत राहतात.

गुहांचा आणखी एक प्रकार मोठमोठे खडक कोसळून होतो. अरुंद घळीत वरून पडलेले प्रचंड दगड दोन्ही भिंतींमध्ये अडकतात, आणि त्यांच्याखाली छत असलेली वाट तयार होते. जटाशंकरची जागा बरीचशी अशी आहे: दोन उंच कड्यांमधील खोल घळ, डोक्यावर अडकलेल्या शिळा आणि पायाखाली थंड पाणी. तेथील खडकाच्या आकारांत लोकांना शंकराच्या जटा दिसल्या, यात नवल नाही.

वालुकाश्मातील गुहा लहानच असतात असा समज होता, तो आता राहिलेला नाही. मेघालयात मॉसिनरामजवळ 2016 मध्ये सापडलेली क्रेम पुरी ही गुहा साडेचोवीस किलोमीटरांहून अधिक लांब मोजली गेली, आणि 2018 मध्ये ती जगातील सर्वांत लांब वालुकाश्म-गुहा म्हणून जाहीर झाली. मात्र तेथील वालुकाश्मात चुन्याचा अंश बराच आहे, म्हणजे तिथे सांधणारा पाकच सहज विरघळणारा आहे. पचमढीच्या गुहा त्या मानाने अगदी तोकड्या आहेत, आणि याचे कारण आता वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

ओल्या गुहेत देव, कोरड्या कपारीत माणूस

पचमढीचा परिसर पाहताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली आहे. जिथे पाणी ठिबकते ती जागा देवाची झाली, आणि जिथे ठिबकत नाही ती माणसाची. बडा महादेवाच्या गुहेत छतातून सतत पाणी झिरपते. ते वर सांगितल्याप्रमाणे मुरलेले पावसाचे पाणी आहे, म्हणून ते उन्हाळ्यातही आटत नाही. पिंडीवर अखंड अभिषेक करणारी अशी गुहा सापडल्यावर तिथे महादेवाचे ठाणे झाले नसते तरच आश्चर्य. पण अशा गुहेत माणूस राहू शकत नाही. तिथे चूल पेटत नाही, आणि भिंतीवर रंग लावला तर तो टिकत नाही.

राहण्यासाठी माणसाने वेगळी जागा निवडली. कड्याचे छप्पर पुढे आलेले हवे, पण छताला पाझर नको. तोंड मोकळे हवे, म्हणजे उजेड आणि वारा मिळेल. आणि पाणी जवळ हवे, पण अंगावर नको. घराच्या वळचणीला पावसाच्या पागोळ्या जशा एका रेषेत पडतात, तशा कपारीच्या छपराच्या कडेवरूनही पडतात, आणि जमिनीवर त्यांची एक स्पष्ट रेषा उमटलेली असते. त्या रेषेच्या आत जमीन कोरडी आणि बारीक धुळीची, बाहेर ओली आणि गवताळ. शैलाश्रयात शिरताना ही पागोळ्यांची रेषा सर्वांत आधी शोधावी. माणसाची वस्ती, चुलींची राख, दगडी हत्यारे आणि भिंतीवरील चित्रे बहुतेक वेळा तिच्या आतच सापडतात.

या कपारींतील चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष 1930च्या दशकात वेधले गेले. ब्रिटिश सैन्यातील डी. एच. गॉर्डन यांनी चित्रांवर लिहिले, आणि जी. आर. हंटर यांनी डोरोथी डीप नावाच्या शैलाश्रयात उत्खनन केले. हंटर यांचे अहवाल 1935 आणि 1936 मध्ये नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ही आपल्याकडच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. तेथे वरच्या थरांत सूक्ष्मास्त्रांबरोबर, म्हणजे नखाएवढ्या गारगोटीच्या पात्यांबरोबर, मडक्यांचे तुकडे मिळाले, आणि खालच्या थरांत मडक्यांवाचून नुसती सूक्ष्मास्त्रे मिळाली. मातीची भांडी माहीत नसलेल्या काळापासून ती वापरात आल्यानंतरपर्यंत माणसे त्याच छपराखाली येत राहिली, असा याचा साधा अर्थ होतो. कपारीतील धुळीचा थर म्हणजे या मुक्कामांची नोंद असते, म्हणून तेथील जमीन उकरणे, चपटा दगड दिसला म्हणून खिशात टाकणे किंवा चूल मांडणे, यांतून न भरून येणारे नुकसान होते.

चित्रांत पांढरा आणि गेरूचा लाल हे रंग प्रामुख्याने दिसतात. शिकार, नाच, तंतुवाद्य वाजवणारा माणूस, गुरे आणि मध काढणारी माणसे त्यांत आहेत. आणि पुष्कळ चित्रांत घोड्यावर बसलेले, ढाल-तलवार किंवा धनुष्य घेतलेले योद्धे आहेत. लोखंडी तलवार आणि स्वारीचा घोडा ज्या चित्रात आहे, ते अश्मयुगातील असू शकत नाही. त्यामुळे ‘दहा हजार वर्षांपूर्वीची चित्रे’ असे सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काही चित्रे खरोखरच फार जुनी, मध्याश्मयुगीन आहेत. पण बरीचशी ऐतिहासिक काळातील आहेत. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. त्यात कार्बन नसतो, म्हणून हाडे किंवा कोळसा यांना लावता येणारी कार्बन-14 कालमापनाची पद्धत त्याला थेट लावता येत नाही. अभ्यासक कोणते चित्र कोणाच्या वर काढले आहे, त्यात कोणती शस्त्रे आणि कोणते प्राणी आहेत, हे पाहून क्रम लावतात. आपणही एखाद्या भिंतीसमोर दहा मिनिटे शांत उभे राहिलो, तर पांढऱ्या घोडेस्वाराच्या पायाखालून डोकावणारे लाल हरीण हळूहळू दिसू लागते, आणि एका भिंतीवर किती वेगवेगळ्या काळांतील हात फिरले आहेत, ते कळते.

भारतात अशा चित्रांची नोंद युरोपातील अल्तामिरा गुहेच्याही आधी झाली. आर्चिबाल्ड कार्लाइल यांना 1867-68 मध्ये मिर्झापूरच्या बाजूला कैमूर डोंगरातील वालुकाश्मात चित्रे आढळली होती, आणि अल्तामिराची चित्रे 1879 मध्ये उजेडात आली. पचमढीच्या वायव्येस, नर्मदेपलीकडे विंध्यातील भीमबेटकाची ओळख करून दिली ती विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. नीमच येथे 1919 मध्ये जन्मलेले आणि उज्जैनला आपले काम उभे केलेले हे मराठी घरातील चित्रकार-पुरातत्त्वज्ञ 1957 मध्ये आगगाडीतून जात असताना त्यांना दूरच्या डोंगरावरील खडकांचे आकार दिसले, आणि तिथे शैलाश्रय असणार असे ओळखून ते पुढे तेथे पोहोचले. खडक वाचता येणारी नजर काय करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनीही तेथे उत्खनन केले, आणि 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. भीमबेटकाचा वालुकाश्म पचमढीहून कितीतरी जुना आणि अधिक टणक आहे; पण कपारी होण्याची रीत मुळात तीच.

त्याच भीमबेटकाच्या सभागृह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुहेच्या छतावर पानासारखा एक ठसा दिसला. 2021 मध्ये तो डिकिन्सोनिया या सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म असल्याचे प्रसिद्ध झाले आणि ती बातमी जगभर गेली. पुढे दुसऱ्या गटाने जाऊन पाहिले तर ठसा खडकातला नव्हताच, तो सुटून गळत होता: आग्या मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा तो उरलेला भाग होता. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि मूळ अभ्यासकानेही चूक मान्य केली. छतावरील खूण खडकाच्या आत आहे की वरून चिकटलेली आहे, हा प्रश्न तज्ज्ञांनाही चकवतो. तेव्हा आपण अधिकच सावध असावे.

पाहायला जाताना

मधमाश्यांचा विषय निघालाच आहे, तर तिथूनच सुरुवात करू. कड्याचे पुढे आलेले छप्पर आग्या मोहोळाला फार आवडते. प्राचीन चित्रांतील मध काढणारी माणसे आणि आजची पोळी या दोन्हींना तोच कडा लागतो. छताला काळसर, लोंबते पोळे दिसले तर आवाज न करता मागे फिरावे. धूर करणे, अत्तर लावून जाणे, दगड मारणे, यांपैकी काहीही करू नये. अंधाऱ्या, कोरड्या गुहांत अस्वले आसरा घेतात. पचमढीजवळील एका गुहेचे रीछगड हे नाव अस्वलावरूनच पडले आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वी उजेड टाकून आणि वाटाड्याला विचारूनच पाऊल उचलावे. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या गुहेत धूळ उडवू नये, कारण ती श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसांना अपाय करू शकते.

खडकाचा धोका मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. सह्याद्रीत चढण्याची सवय असलेल्यांना ओला बेसॉल्ट निसरडा असतो, हे ठाऊक असते. ओला वालुकाश्म निसरडाही असतो आणि त्याहून वाईट म्हणजे दुबळाही होतो, कारण पाण्याने कणांमधील धरच सैल पडलेला असतो. काल भक्कम वाटलेला हातातला कोपरा आज पावसानंतर तुटून हातात येऊ शकतो. म्हणून पावसानंतर खडक पूर्ण वाळेपर्यंत त्यावर भार टाकून चढू नये, आणि छतातून नुकताच पडलेला, ताज्या रंगाचा दगड जमिनीवर दिसला तर त्या छपराखाली थांबू नये. अरुंद घळींत वर आकाश निरभ्र असले तरी दूर पडलेल्या पावसाचे पाणी अचानक येते. दोन्ही भिंतींवर कमरेच्या वर अडकलेल्या काटक्या-पाने दिसल्या, तर पाणी कुठवर चढते याची ती नोंद आहे, हे समजून घ्यावे.

या परिसराचा मोठा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, आणि 2009 मध्ये पचमढी जीवावरण क्षेत्राचा समावेश युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात झाला. त्यामुळे अनेक शैलाश्रयांकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि नागद्वारची वाटही वर्षातून नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस खुली होते. परवानगी, ठरलेली वाट आणि स्थानिक गोंड किंवा कोरकू वाटाड्या ही कटकट नाही. कपार कुठे आहे, हे नकाशापेक्षा त्या माणसाला अधिक चांगले माहीत असते. चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांच्यावर पाणी मारण्याची जुनी वाईट सवय अजूनही कुठे कुठे दिसते. ज्या पाण्याने सांधे सुटतात आणि क्षार वर येतात, तेच पाणी आपण चित्रावर ओततो, हे आता वेगळे सांगायला नको. भिंतीला हात न लावता, थोडे दूर उभे राहून, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात चित्रे सर्वांत चांगली दिसतात.

आणि ज्यांना पचमढी दूर वाटते, त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. 2007 मध्ये अमरावती जिल्ह्यातील निसर्गअभ्यासकांच्या एका गटाला मोर्शीच्या उत्तरेस, राज्याच्या सीमेपलीकडे बैतूल जिल्ह्यातील धारूळ गावाजवळ सातपुड्याच्या डोंगरात अंबादेवीचा चित्रित शैलाश्रय आढळला, आणि पुढे त्या परिसरात असे अनेक शैलाश्रय नोंदले गेले. त्या देवीच्या दर्शनाला लोक आधीपासून जातच होते. भिंतीवरची चित्रे मात्र तोवर अभ्यासकांच्या नोंदीत आलेली नव्हती. हिवाळा सरून पानगळ झाली की अशा डोंगरांचे कडे झाडीतून उघडे पडतात. तेव्हा दूरच्या वाटेवर थांबून पाहावे: कड्याच्या अर्ध्या उंचीवर एक आडवी, गडद सावलीची रेघ लांबवर गेलेली असते. ती रेघ म्हणजे बहुधा गळून गेलेला मऊ थर. तिच्यात जिथे ओल आणि हिरवे नेचे असतील तिथे झरा असेल, आणि जिथे सावली कोरडी, पिवळट दिसेल तिथे छप्पर असेल.